उपडा पंप

हे मी आजवर कुणाजवळ उघड केलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचे पाय चेपत बसले होते, तेव्हा एकदा अगदी ओठावर आलं होतं — पण तेवढ्यात तिनं पाणी मागितलं आणि मी उठले. खरं सांगू? उठायला निमित्त मिळालं म्हणून मला बरं वाटलं.

तुम्ही आमच्या वस्तीवरचे नाही. उद्या सकाळी डेअरीवर दूध घालताना तुमची-माझी गाठ पडायची नाही. म्हणून तुम्हाला सांगायला घेतलं. पण मी एका दमात सांगेन असं समजू नका. मला वळसे घालायची सवय आहे, आणि या गोष्टीभोवती तर मी इतकी वर्षं वळसेच घालत आले आहे. माझी धाकटी तेव्हा शाळेत जात होती. आता तिचा मुलगा जळोचीच्या शाळेत जातो. एवढा काळ मी हे पोटात ठेवलं.

गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंची आहे. त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. आम्ही दोघी बारामती तालुक्यातल्या आणि दोघींना दिलं इंदापूर तालुक्यात, एकाच घरात. माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. तिथं कालव्याचं पाणी, दारापर्यंत ऊस, आणि उसाच्या रानात ऊस सोडून दुसरं काही उगवलं तर ते तण — हे मी लहानपणापासून बघितलेलं. आक्का कऱ्हाटीच्या. त्यांच्या लहानपणी तिकडं सगळी पावसावरची शेती. बाजरीच्या काही ओळी झाल्या की मध्ये एक ओळ मटकीची, पुढं एक हुलग्याची, कडेला अंबाडी. अशा मधल्या ओळींना त्यांच्याकडं इरवड म्हणतात. एक पीक गेलं तर दुसरं हाताला लागावं, म्हणून घालायची.

सासरे गेल्यावर दोघा भावांनी रान वाटून घेतलं. भांडण नाही, तंटा नाही. बांध घातला, दोन्हीकडं सारखं आलं, संपलं. विहीर सामाईक राहिली आणि फवारणीचा पाठीवरचा पंपही सामाईक राहिला. तो आमच्या शेडमध्ये असायचा.

त्या पंपाचा घरात एक नियम होता. सासऱ्यांनीच घालून दिलेला. तणनाशक मारलं, कीटकनाशक मारलं, काहीही मारलं, तरी ज्यानं वापरला त्यानं धुण्याचा सोडा घालून, नळी-गाळणीसकट धुवायचा आणि मगच शेडच्या भिंतीला उपडा करून ठेवायचा. पंप उताणा दिसला तर समजायचं, अजून धुवायचा आहे. उपडा दिसला तर बिनधास्त उचलायचा. कुणी कुणाला विचारायचं नाही. आमच्या घरात ‘उपडा’ म्हणजे ‘धुतलेला’. बाहेरच्याला हे कळायचं नाही, पण आमच्या पोरांनाही ते ठाऊक होतं.

आता आक्कांच्या तुकड्याबद्दल सांगते. तो ओढ्याकडचा, माझ्या टोमॅटोला लागून. मध्ये फक्त बांध. त्या वर्षी आम्ही दोघींनी टोमॅटो लावले होते, एकाच नर्सरीतली रोपं, एकाच आठवड्यात. माझ्या रानात टोमॅटो म्हणजे टोमॅटो. तारा ओढलेल्या, काठ्या ताठ, सरीत गवताची काडी नाही. येणारा-जाणारा रस्त्यावरून बघायचा आणि म्हणायचा, रान कसं आरशागत ठेवलंय. मला ते आवडायचं. आक्कांच्या रानात मात्र मेळा भरलेला. टोमॅटोच्या ओळींमध्ये चवळी, कडेनं झेंडू, वाऱ्याच्या बाजूला मका, जागा दिसेल तिथं कांदा, कोथिंबीर काढायची विसरून फुलावर आलेली. मी हसायचे. यांच्याजवळ म्हणायचे, ‘आक्कांनी कऱ्हाटी उचलून हितं आणलीया.’

आणि माल कुणाचा चांगला होता? त्यांचा.

मला ते पटेना. खत मी जास्त घालत होते, औषधं मी वेळेवर मारत होते. हे दूध संघात नोकरीला, दिवसभर बाहेर, त्यामुळं फवारणीपासून तोडणीपर्यंत सगळं मी करायचे आणि त्याची मला घमेंड होती. मग मी बघायला लागले. बांधावर उभी राहून, भाजी निवडायच्या निमित्तानं तिथं बसून, मी आक्कांच्या रानात बघत बसायचे. मत्सरानं माणूस किती बारीक बघतो, तुम्हाला कल्पना नाही.

काय दिसलं ते सांगते. त्यांच्या चवळीवर मावा यायचा, काळा, शेंड्याला चिकटलेला. मला आनंद व्हायचा. पण माव्यामागं ढालकिडे यायचे, लाल पाठीचे, ठिपक्यांचे, आणि तिथं पोट भरून वाढले की ते टोमॅटोवर उतरायचे आणि तिथला मावाही खाऊन टाकायचे. फळात शिरणारी अळी ज्या पतंगाची, तो पतंग टोमॅटो सोडून अंडी घालायला झेंडूच्या फुलांवर जायचा. फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर मधमाश्या आणि बारीक माश्या दिवसभर गुणगुणत असायच्या. मक्याच्या तुऱ्यावर कोतवाल पक्षी बसायचा आणि खाली झडप घालून अळ्या उचलायचा. कुणी कुणाला बोलावलेलं नव्हतं. एकाचं खाणं दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या — आणि या सगळ्या खाण्यापिण्यातून वर टोमॅटो लगडलेले. आणखी एक दिसलं, ते तर मला जास्तच झोंबलं. माझ्याच रानात बांधालगतच्या ज्या ओळी होत्या, आक्कांच्या शेजारच्या, त्यांची फळधारणा बाकीच्या ओळींपेक्षा चांगली होती. त्यांच्याकडची माशी माझ्याकडं येऊन राबत होती आणि मी आठवड्याला औषध मारून तिला मारत होते.

हे मला कळलं होतं. नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं यालाच महत्त्व आहे. आक्कांना हे कळलेलं नव्हतं. त्या आपल्या पेरत होत्या. एकदा मी विचारलं, ‘आक्का, हे सगळं मिसळून का लावता?’ तर हसल्या. म्हणाल्या, ‘आमच्यात आसंच पेरत्यात बाई. नुसतं एकच लावलं तर रान मुकं वाटतं.’ याच्यापलीकडं त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून त्यांचा मोठेपणा मी कशाला वाढवू?

संक्रांत होऊन गेली होती. माल भरायला टेम्पोवाला यायचा. त्यानं एक दिवस आक्कांच्या क्रेटमधला एक टोमॅटो उचलला, शर्टाला पुसला आणि उभ्याउभ्या खाल्ला. माझ्या क्रेटवर नुसती नजर फिरवली. एवढंच. पण त्या संध्याकाळी यांनी जेवता जेवता म्हटलं, ‘वैनीकडनं जरा शिकून घे की. न्हाय औषध, न्हाय काय, आन माल बघ.’ यांच्या मनात काही नव्हतं. हे कुणाबद्दलही चांगलं बोलतात. मी ताटातली भाजी त्यांना वाढली आणि स्वतः जेवले नाही. डोकं दुखतंय, असं सांगितलं.

त्यानंतरचे दोन-चार दिवस मी मनात काय काय बोलत होते ते सांगायची लाज वाटते. त्यांच्या रानात रोग यावा असं मी म्हटलं होतं का? म्हटलं होतं. देवापुढं उभी राहून नाही, पण म्हटलं होतं.

आता त्या दिवसाकडं येते.

आमच्या खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या, उसात चांदवेल माजली होती. हा वेल उसाला गुंडाळून वर चढतो आणि ऊस आवळून टाकतो. रुंद पानांचं तण मारणारं औषध मी सकाळी उसात मारलं. या औषधानं ऊस, मका, कांदा यांना काही होत नाही. टोमॅटो, चवळी, झेंडू असल्या पिकांना मात्र त्याचा नुसता वास पुरतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी परत आले तर लाईट गेलेली. मोटर बंद, टाकीत पाणी नाही. पंपाच्या तळाशी राहिलेलं औषध निथळून जावं म्हणून मी पंप भिंतीला उपडा केला. लाईट आली की धुवू, म्हटलं. आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसले.

इथवर चूक म्हणता येईल. कामाच्या धबडग्यात होतं. उपडा ठेवायला नको होता, ठेवला. मी स्वतःची समजूत बरीच वर्षं इथंच थांबवली होती. ‘विसरले’ हा किती सोयीचा शब्द आहे!

आक्का आल्या. त्यांना टोमॅटोवर आंबट ताक मारायचं होतं. त्या कधीमधी तेवढंच मारायच्या, ताक नाहीतर निंबोळीचं पाणी. ताक घातलेलं पिंप त्यांच्या रानात तयार होतं. त्या शेडपाशी थांबल्या आणि तिथूनच हाक दिली, ‘शालन, पंप न्यू का गं?’

मी आतून म्हटलं, ‘न्या की.’

हे म्हणताना मला आठवण नव्हती. देवाशप्पथ नव्हती. पण म्हटल्याबरोबर आठवलं. पिठातला हात थांबला. सकाळचा ऊस, औषध, निथळायला लावलेला पंप — सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. दारातून आक्का दिसत होत्या. पट्टा खांद्यावर चढवत होत्या. आवाज दिला असता तर ऐकू गेला असता. दोन शब्द लागत होते, ‘आक्का, थांबा.’

मी दोन शब्द बोलले. पण ते हे नव्हते. मी म्हटलं, ‘उपडाच हाय.’

बघा, इथं आले मी शेवटी. यासाठीच एवढे वळसे. ‘न्या की’ हे मी विसरून म्हटलं, आणि ‘उपडाच हाय’ हे आठवून म्हटलं. त्या दोन वाक्यांमध्ये फार तर एक श्वास गेला असेल. त्या एका श्वासात मी काय ठरवलं? ठरवलं असं म्हणू का? मला वाटतं, म्हणावं लागेल. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी ठरवलं असंच म्हटलं असतं.

आक्का म्हणाल्या, ‘बरं झालं, धुवायचा तरास वाचला,’ आणि गेल्या.

भाकऱ्या थापल्या. एकही फुटली नाही. मध्ये एकदा मी मागच्या दारी जाऊन पाहिलं. आक्का ओळीतून चालत होत्या, सावकाश, पानाच्या खालच्या बाजूला फवारा जावा म्हणून हातातली लान्सची नळी वर करून. अजूनही वेळ होता का? अर्धं रान राहिलं होतं. मी परत आत आले आणि तवा खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचे शेंडे खाली वाकले. मग पिळवटले. पानं निमुळती होत दोऱ्यासारखी झाली, देठ सुजले, फुलं गळाली. चवळी गुंडाळून गेली. झेंडूच्या माना मोडल्या. आणि मका? मका ताठ उभा होता, हिरवागार. कांद्याची पातही तशीच. ज्याला बघायचं होतं त्याला ते रान ओरडून सांगत होतं. कुठला रोग टोमॅटोला, चवळीला, झेंडूला एका रात्रीत लागतो आणि मक्याला, कांद्याला सोडून देतो?

पण बघायला कुणी आलंच नाही. थोरल्या दिरांनी टोमॅटोचा एक शेंडा तोडला, पिशवीत घातला आणि तालुक्याला औषधाच्या दुकानात नेला. दुकानदारासमोर एकटा शेंडा. तो तरी काय सांगणार? व्हायरस म्हणाला. आजूबाजूला काय लावलंय विचारलं. दिरांनी सगळं सांगितलं, चवळी, झेंडू, मका, कोथिंबीर. तो म्हणाला, एवढं सगळं एकत्र लावल्यावर पांढरी माशी वाढणारच, तीच रोग पसरवते, आता उपटून जाळा, नाहीतर शेजाऱ्याच्या रानात जाईल.

त्या संध्याकाळी दीर ओसरीवर बसून हे सांगत होते. मी तिथं होते. आक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. आमच्यात आसंच पेरत्यात, हे काय उत्तर झालं? दुकानदार शिकलेला, रोज शंभर शेंडे बघणारा. दीर म्हणाले, ‘तरी मी म्हणत हुतो, जगासारखं पेरावं.’ आक्कांनी मान खाली घातली. चवळीचा मावा, ढालकिडे, झेंडूवरचा पतंग — मी हे एकेक बोटावर मोजून सांगू शकले असते. मक्याकडं बघा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी दिरांना विचारलं, अजून चहा टाकू का?

उपटायला मीही गेले. हो, गेले. दिवसभर आम्ही दोघी जावा त्या रानात वाकून होतो. वस्तीवरच्या बायका म्हणत होत्या, जावा असाव्या तर अशा. आक्कांनी टोमॅटो उपटले, चवळी उपटली, झेंडू उपटला. मग धडधाकट मका कापला, चांगला कांदा उपटला, कोथिंबीर उपटली. मी म्हटलं, ‘मका ऱ्हाऊ द्या की आक्का.’ म्हणजे जीभ एवढी वळली होती. त्या म्हणाल्या, ‘नगं बाई. त्यातबी माशी आसंल.’ ओढ्याकडेला ढीग लावला आणि पेटवला. ओला पाला, जळता जळेना. नुसता धूर. त्या धुरातून मधमाश्या रानावर येत होत्या, फुलं शोधत फिरत होत्या आणि परत जात होत्या.

ढीग धुमसत असताना आक्का माझ्याजवळ आल्या. माझा हात धरला. म्हणाल्या, ‘शालन, माझ्या येडेपणापायी तुझ्या रानात रोग शिरायचा. माझं चुकलं बग. मनात धरू नगंस.’

त्या माझी माफी मागत होत्या. समजलं का तुम्हाला? मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ‘आसू द्या आक्का. हुतं आसं कधी कधी.’ मी त्यांना माफ केलं.

माझ्या रानात रोग आला नाही. कसा येणार? त्या रोगावरचं औषध मारायचं ढोंग मात्र मी केलं. पंप त्या आधीच, आक्कांनी ताक मारून परत आणून ठेवला त्या दिवशी रात्री, लाईट आल्यावर मी धुतला होता. सोडा घालून, नळी-गाळणीसकट, दोनदा.

पुढच्या हंगामात आक्कांनी त्या तुकड्यात ऊस लावला. नुसता ऊस. पुढं तर घरामागं चार वाफे असायचे, वांगी-घेवड्याचे, तेही त्यांनी बंद केले. भाजी आठवडी बाजारातून आणायला लागल्या. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढताना एकदा मी त्यांना पाहिलं. जुडी नाकाशी धरून त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. मी हाक न मारता मागं फिरले. मागं फिरणं मला चांगलं जमतं.

माझं रान पुढं कसं झालं तेही सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. मग हळूहळू बांधालगतच्या ओळी बाकीच्या ओळींसारख्याच झाल्या, आणि बाकीच्या ओळी आणखी उतरल्या. फुलं यायची आणि गळायची. मावा आला की जायचा नाही, कारण त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. मी औषध वाढवलं. औषध वाढवलं तसा तो आणखी चिवट झाला. कोतवाल दिसेनासा झाला. सगळा दोष त्या एका तुकड्याचा, असं मी म्हणत नाही — आमच्या आसपास सगळ्यांनीच ऊस केला, ऊन वाढलं, फवारे वाढले. पण त्या दहा-बारा गुंठ्यांत जे चाललं होतं त्यावर माझंही रान जगत होतं, हे मला बांधावर बसून कळलेलं होतं, आणि तरीही मी ते मारलं. शेवटी मीही टोमॅटो सोडले. आता आमच्या दोन्ही रानांत ऊस आहे. बांध दिसतसुद्धा नाही.

तुम्ही विचाराल, मग पुढं इतक्या वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही? वाटलं. दीर वारले तेव्हा वाटलं. आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्यात त्यांच्याजवळ राहिले, तेव्हा वाटलं. पण मला दर वेळी एक कारण सापडायचं. आता दुखण्यात कशाला. आता सणासुदीला कशाला. आता इतकं जुनं झालं, उकरून कशाला. आणि मनात एक असंही होतं — पीकच तर गेलं एक, माणूस तर गेलं नाही ना? दर वर्षी पिकं जातात. हे मी मनाला सांगत होते, आणि मन ऐकत होतं. परवापर्यंत ऐकत होतं.

परवा मी आक्कांकडं गेले होते. त्यांच्या धाकट्याचं लग्न याच उन्हाळ्यात झालं. सून अश्विनी, कृषी पदविका केलेली, बोलकी, कामाला वाघ. ओढ्याकडच्या तुकड्यातला ऊस यंदा मोडला आहे. तो तुकडा तिनं मागून घेतला होता, भाजीपाल्यासाठी. मी गेले तेव्हा ती ओसरीवर परात घेऊन बसली होती आणि बी निवडत होती. परातीत चवळी होती, झेंडूच्या बियांच्या काड्या होत्या, मक्याचे दाणे होते. ती आक्कांना समजावत होती की टोमॅटोत या ओळी कशा घालायच्या, कुठला किडा कुठं येतो आणि त्याला कोण खातं. जे मी बांधावर बसून चोरून शिकले होते, तेच ती तोंडभर बोलत होती. मला क्षणभर वाटलं, सुटले मी. आता ते रान परत तसं होईल आणि मला काही बोलावं लागणार नाही.

आक्कांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग परात हातानं बाजूला सारली.

‘न्हाय पोरी,’ त्या म्हणाल्या. ‘मिसळून पेरलं की रोगाला घर मिळतं. पुस्तकात आसंल काय बी. मी केलंया ते. माझ्या हातानं सगळं रान जाळलंया हितं. माझी हौस आन घराचं नुसकान.’

अश्विनी म्हणाली, ‘पण आत्या, नक्की कशानं झालं हुतं, कुणी तपासलं का?’

‘आता काय तपासायचं?’ आक्का म्हणाल्या. ‘इचार ह्या काकीला. ती हुती की माझ्यासंगं. हिच्या रानात जायला नगं म्हणून उपाटलं आमी.’

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. चांगली पोर आहे. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, तिला माझ्याकडून ‘नाही’ हवं होतं. आक्काही माझ्याकडं बघत होत्या. इतकी वर्षं उराशी धरलेली स्वतःची चूक मी खरी म्हणावी, एवढीच त्यांची अपेक्षा.

‘काकी, खरंच रोग आला हुता?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘व्हय. आक्का सांगत्यात ते खरं हाय.’

कुणी माझा गळा धरला नव्हता. हातात पीठ नव्हतं, डोक्यात राग नव्हता, मत्सर कधीच विझलेला. विचार करायला हवा तेवढा वेळ होता. तरी मी तेच केलं.

अश्विनीनं चवळी वेगळी केली, मका वेगळा केला, झेंडूच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि सगळं डब्यात भरून डबा आत नेऊन ठेवला. आक्का चहा ठेवायला उठल्या. मला साखर चालत नाही हे त्यांच्या नेहमी लक्षात असतं. त्यांनी माझा कप आधी गाळून बाजूला काढला आणि मग बाकीच्या चहात साखर घातली. मी तो चहा प्यायले आणि घरी आले.